लर्चरला मराठीत काय म्हणायचं, आणि 'थ्री-क्वार्टर ब्रेड'चे बारा आणे

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता पण नीट बसून लिहायला आज सवड मिळाली. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : ताई इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या आठवणी मराठीत आणतायत, त्यात पानोपानी 'लर्चर' नावाचं कुत्रं येतं, त्यांनी त्याचा 'संकरित शिकारी कुत्रा' केलाय आणि तो त्यांच्याच कानाला खटकतोय. शिवाय 'फर्स्ट क्रॉस', 'थ्री-क्वार्टर ब्रेड', 'फाइव्ह-एट्थ्स' आणि 'लाँगडॉग' या चार शब्दांपाशी गाडी अडलीये.

आधी उत्तर सांगतो, मग चऱ्हाट लावतो. लर्चरला लर्चरच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळीत ओळख करून द्या आणि पुढे बिनधास्त वापरा. आणि ते अपूर्णांक सगळे आण्यांत करा. हो, रुपये-आणे-पै मधलेच आणे.

आता चऱ्हाट.

लर्चर ही जात नाहीये, त्यामुळे 'लर्चर जातीचा कुत्रा' असं कुठे लिहिलं असेल तर ते आधी खोडा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबच्या यादीत लर्चर सापडत नाही. एका बाजूने नजरेनं सावज हेरून पळत जाऊन धरणारं कुत्रं, म्हणजे ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी, डिअरहाउंड यातलं कुठलंतरी, आणि दुसऱ्या बाजूने एखादं कामाचं कुत्रं, बहुतेक वेळा मेंढ्या वळणारं कॉली नाहीतर बेडलिंग्टनसारखं टेरियर, या दोघांची पिल्लं म्हणजे लर्चर. खेचर म्हटल्यावर जसं आपल्याला बाप गाढव आणि आई घोडी हे आपोआप कळतं तसंच काहीसं. फक्त खेचराची गोष्ट तिथेच संपते, लर्चरला पुढे पिल्लं होतात आणि ही अपूर्णांकांची भानगड तिथूनच सुरू होते.

शब्द कुठून आला? इंग्रजीत 'लर्क' म्हणजे दबा धरून बसणं, टपून राहणं. त्याचंच जुनं भावंड 'लर्च', त्यात टपण्याबरोबर हळूच उचलेगिरी करणंही आलं. सोळाव्या शतकात लर्चर हा माणूस होता बरं का, कुत्रा नव्हता. आणि त्या माणसासाठी आपल्याकडे अगदी मापाचा शब्द आहे : भुरटा. दरोडेखोर नव्हे, घरफोड्याही नव्हे, दोरीवरचं धोतर आणि परसातली कोंबडी लांबवणारा भुरटा. सतराव्या शतकात हे नाव त्या माणसाच्या मागून चालणाऱ्या कुत्र्याला चिकटलं आणि माणूस विसरला गेला. त्याच्याही आधी, १५७० साली, जॉन कायस नावाच्या केंब्रिजच्या डॉक्टरने ब्रिटनमधल्या कुत्र्यांची लॅटिनमधे वर्गवारी केली त्यात 'कॅनिस फ्युरॅक्स' अशी एक नोंद आहे, म्हणजे चोरटा कुत्रा, रात्री मालकाच्या हुकमावर निघून वासावर ससे धरणारा. म्हणजे कुत्रं होतंच, नाव तेवढं मागाहून आलं. (जहाज हेलकावतं तो 'लर्च' आणि 'लीव्ह इन द लर्च' मधला 'लर्च' हे दोघेही परके, त्यांचा याच्याशी संबंध नाही. दुसरा तर एका जुन्या फ्रेंच खेळावरून आलाय.)

इथे एक गोड अफवा आहे ती सांगायलाच हवी, कारण तुम्ही इंटरनेटवर शोधलंत की पहिल्यांदा तीच भेटणार. लर्चर हा शब्द रोमानी भाषेतल्या 'लुर' म्हणजे चोर यावरून आला, असं बरेच जण छातीठोक सांगतात. मराठी माणसाला तर हे आवडणारच, कारण रोमानी ही आपल्याच कुळातली, भारतातून गेलेली भाषा, तिच्यात पाण्याला 'पानी' म्हणतात आणि सशाला 'शोशोय', म्हणजे संस्कृत शशाचा एक नातू आपला ससा आणि दुसरा तो. पण याच रोमानीत चोराला सरळ 'चोर'च म्हणतात! आणि ब्रिटनमधे रोमानी लोकांची पहिली नोंद मिळते १५०५ ची, स्कॉटलंडमधली, त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत लर्क आणि लर्च रुळलेले होते. घरात शब्द असताना शेजाऱ्याकडे कशाला मागायला जातील. जिप्सी, म्हणजे याच रोमानी लोकांनी लर्चर पिढ्यानपिढ्या पाळले, हे खरंच आहे, त्यावरून व्युत्पत्ती तयार झाली असणार. सहवासाला लोक नातं समजले, दुसरं काय.

पण हा चोरटेपणा कशासाठी, तर कायद्यामुळे. दुसऱ्या रिचर्डच्या १३९० च्या कायद्यात ज्याची जमीन वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची नाही अशा साध्या माणसाने ग्रेहाउंड किंवा कुठलंही शिकारी कुत्रं ठेवायचं नाही अशी बंदी होती. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, राणी ॲनच्या काळात जो शिकारीचा कायदा झाला त्यात ग्रेहाउंड, जाळी आणि लर्चर हे सगळे एका दमात शिकारीची 'साधनं' म्हणून मोजलेत, म्हणजे लर्चर एव्हाना सरकारदरबारी बदनाम झालेला. ग्रेहाउंडचे पाय तर हवेत पण ते ग्रेहाउंड दिसायला नको, जमीनदाराच्या रखवालदाराने पाहिलं तर मेंढपाळाचं झिपरं कुत्रं वाटलं पाहिजे, भुंकता कामा नये, हाताच्या इशाऱ्यावर चाललं पाहिजे आणि धरलेला ससा तोंडात अलगद आणून हातात दिला पाहिजे. कुठल्याच एका जातीत हे सगळं मिळत नाही, म्हणून क्रॉस.

आता यावर 'संकरित' शब्द ठेवून बघा. कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनात शामियान्याखाली पाटी लावून उभं केलेलं कुत्रं डोळ्यापुढे येतं. संकरित बियाणं, संकरित गाय, सगळं शासकीय, अनुदान असलेलं. 'हायब्रीड' म्हणाल तर त्याहून वाईट, आपल्याकडे ज्वारीपासून पोरांपर्यंत जे जे वाढतं पण ज्यात जीव नसतो त्याला हायब्रीड म्हणायची पद्धत आहे, आणि लर्चर म्हणजे नेमकं उलट. 'दोगला' तर शिवीच. 'भुरट्या' हा मला स्वतःला फार आवडतो, एखाद्या पात्राने आपल्या कुत्र्याला लाडाने हाक मारायची असेल तर जरूर वापरा, पण पानोपानी चालणार नाही, वाचकाला वाटेल त्याचं नावच भुरट्या आहे.

आण्यांकडे येतो. माझे मामा जतकडचे, चार गाई, दोन म्हशी. लहानपणी सुट्टीत गेलो होतो तेव्हा कुणीतरी गाय विकायला दारात आणलेली, मामा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, वशिंडाच्या जागी हात फिरवला, कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाले, "बारा आणं जर्शी हाय ही, आमच्या उन्हात टिकायची न्हाई. आठ आण्याची असंल तर दाव." मला तेव्हा वाटलं गाय बारा आण्याला विकतायत! किंमत नव्हती ती, रक्ताचा हिशोब होता. सोळा आणे म्हणजे पूर्ण, आणि त्यातले बारा विलायती. नवे पैसे १९५७ साली आले, पंचवीस पैशाचं नाणं २०११ ला चलनातून गेलं, तरी सोळा आणे खरं, चार आण्याचा हिस्सा, पिकाची आणेवारी हे सगळं तोंडात आहेच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' गाय घ्या, निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर. आमच्या मामांच्या भाषेत आठ आणे, चार आणे, चार आणे, संपला विषय.

आता तुमचे शब्द लावून बघा. कॉली आणि ग्रेहाउंड यांची पहिली पिल्लं ती फर्स्ट क्रॉस, आठ आणे-आठ आणे. त्यातली कुत्री परत ग्रेहाउंडला लावली की पिल्लं बारा आणे ग्रे, चार आणे कॉली, हेच ते थ्री-क्वार्टर ब्रेड, 'पाऊण ग्रे' म्हणालात तरी छान. आणि या बारा आण्यावाल्याला पुन्हा आठ आण्यावालीशी लावलं तर? बारा आणि आठ वीस, त्याचे निम्मे दहा. दहा आणे ग्रे, सहा आणे कॉली. फाइव्ह-एट्थ्स, थ्री-एट्थ्स! 'पाच अष्टमांश' लिहून बघा, वाचक सातवीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसेल. दुभत्या गाईंच्या संकरात ६२.५ टक्के हा विचित्र आकडा ऐकला असेल कुणी, तोही हाच, दहा आणे.

हा हिशोब नुसता आकड्यांचा नाहीये, ती माणसं त्यातून स्वभाव बोलत असतात आणि भाषांतरात ते उतरलं पाहिजे. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या वर पळतं पण दम थोडा, कातडं पातळ, काटेरी तारेला घासलं की उसवतं, आणि एकदा सुटलं की मागून कितीही बोंबला. कॉलीकडून अक्कल येते, राठ केस येतात, चिवट पंजे येतात. बेडलिंग्टनकडून केस, नाक आणि झुडपात घुसायची हिंमत. सलुकीकडून दम, मैलभर पळेल, पण हाक ऐकणं तिच्या मर्जीवर. म्हणून जिथे लहान लहान शेतं आणि कुंपणं तिथे आठ-आठ पुरतं, उघड्या माळावर वेग कमी पडतो म्हणून बारा आणे हवं, आणि बारा आण्यात अक्कल पातळ होते असं वाटणारे दहा-सहावर येऊन थांबतात. बहुतेक वेळा आई ग्रेहाउंड आणि बाप कॉली असतो, कारण मोठ्या अंगाच्या कुत्रीला वेत मोठं पेलतं, दूधही पुरतं. तुमच्या म्हाताऱ्याने एखाद्या पिल्लाबद्दल 'फर्स्ट क्रॉस' असं नुसतं म्हटलं असेल तर त्यात 'अक्कल शाबूत आहे' हे अध्याहृत आहे असं समजा.

आणि आणे हे कागदावरचे, हेही विसरू नका. आठ-आठ वालं आठ-आठ वालीला लावलं तर हिशोबाने परत आठच येतात, पण एकाच वेतात एक पिल्लू थेट कॉली, एक थेट ग्रे, बाकीची अधलीमधली. हायब्रीडचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पिल्लू असं एखाद्या पूर्वजावर गेलं की ते सांगायला आपला 'वळण' शब्द वापरा, "बापाचं वळण उतरलंय", "आजीच्या वळणावर गेलंय". 'जनुकीय गुणधर्म' कृपा करून नको.

लाँगडॉगचं 'लांब कुत्रा' करू नका. दोन्हीकडून पळणारंच रक्त, म्हणजे ग्रेहाउंड आणि सलुकी किंवा ग्रेहाउंड आणि डिअरहाउंड, मधे कामाचं कुत्रं नाहीच, ते लाँगडॉग. 'दोन्हीकडून पळणारं' हेच लिहा, पहिल्यांदा तरी. इथे तुम्हाला कारवानी म्हणायचा मोह होईल, शिकारी, सडपातळ, लांब तोंडाचं कुत्रं म्हटल्यावर सोलापूर-लातूर-जतकडच्या माणसाला तेच आठवणार, मलाही आठवतं. पण कारवानी ही स्वतंत्र आणि अस्सल जात आहे, कर्नाटकात तिला मुधोळ म्हणतात, झालरीसारखे केस असलेली ती पश्मी, तिला लर्चर म्हणणं म्हणजे खिलार बैलाला क्रॉस म्हणण्यासारखं, मार खाल. मात्र हल्ली शर्यतीच्या नादात कारवानीला ग्रेहाउंड लावतात ना, ती पिल्लं इंग्रजी व्याख्येने लाँगडॉग होतील, लर्चर नाही.

एक बारीक खड्डा राहिला. इंग्रजीत 'रॅबिट' आणि 'हेअर' वेगळे, आपल्याकडे दोन्ही ससेच. तुमच्या मजकुरात हा फरक महत्त्वाचा आहे कारण २००४ च्या कायद्याने, जो फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला, इंग्लंड आणि वेल्समधे कुत्र्यांकरवी हेअरची शिकार बंद झाली पण जमीनमालकाची परवानगी असेल तर रॅबिट चालतं. मी असतो तर रॅबिटला 'बिळातला ससा' आणि हेअरला 'रानससा' केलं असतं. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानसशामागे कुत्रं सोडणं गुन्हाच, उगाच कुणी स्फूर्ती घेऊ नये.) 'लॅम्पिंग'ला मात्र आपला तयार शब्द आहे, बत्तीवरची शिकार.

बाकी किरकोळ : कुत्री 'माजावर आली', 'लावली', 'व्यायली', हेच ठेवा, 'मीलन' आणि 'प्रसूती' आणू नका, गोठ्यातली भाषा आहे ती, आणि तो म्हाताराही गोठ्यातलाच आहे.

तुम्ही शेवटी जे वाक्य दिलंय, बाप कॉली-ग्रेहाउंड फर्स्ट क्रॉस, आई कोर्सिंगमधली (म्हणजे सशामागे कुत्री पळवायच्या शर्यतीतली) ग्रेहाउंड, पिल्लं थ्री-क्वार्टर ब्रेड आणि राठ केसांची, ते मी असं लिहीन : "बाप आठ आणे कॉली, आई पळणाऱ्या घराण्यातली सोळा आणे ग्रेहाउंड, पिल्लं बारा आणे ग्रे पडली पण केस बापाच्या वळणाचे, राठ." तरुण वाचकांसाठी तळटीप द्यावीशी वाटली तर एवढीच द्या, एका रुपयाचे आणे सोळा.