चाकाचा गुन्हा, ब्रेकला शिक्षा

प्रश्न : काका, नमस्कार. गेल्या वर्षी मी जुनी पण चांगल्या स्थितीतली रोड बाईक घेतली. रिमला लागणारे ब्रेक आहेत. पुढच्या ब्रेकचं डावं रबर सतत घासतं, उजवं लांबच राहतं. कॅलिपर (दोन्ही रबरं धरणारा ब्रेकचा चिमटीसारखा भाग) हातानं ओढून मधोमध आणला की ठीक, दोनदा ब्रेक मारला की पुन्हा डावीकडं. एका दुकानात दाखवलं तर त्यांनी स्प्रिंगवर स्क्रू-ड्रायव्हर ठेवून हातोडीनं ठोकलं. चार दिवस बरं चाललं. आता म्हणतात रबरं बदला. रबरं अजून जाड आहेत. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : रबरं बदलू नका. नवी घातलीत तरी तीही डावीकडंच घासणार, पैसे तेवढे जातील.

हातोडी काढणाऱ्याला मी अगदीच खुळ्यात काढणार नाही. जुन्या एका पिव्हटच्या कॅलिपरचे दोन्ही हात एकाच बोल्टवर फिरायचे. स्प्रिंगच्या एका बाजूला पंच ठेवून टोला दिला की ब्रेक जागेवर यायचा. आपले जुने मिस्त्री त्याच ब्रेकवर शिकले. तुमच्या सायकलला मात्र बहुधा दोन पिव्हटचा कॅलिपर असणार. त्यात एक हात मधल्या बोल्टवर फिरतो, दुसरा बाजूच्या, आणि दोघं एकमेकांत अडकवलेले असतात. तो मध्यावर आणायला कंपनीनंच एक बारीक स्क्रू दिलेला असतो. तिथं हातोडीचं काय काम?

पण त्या स्क्रूला लगेच हात लावू नका. माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर गेलं. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, वाकडा कापला गेला की नवं पोरगं आधी टूल हलवायला धावतं. जॉब चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, नीट बसलाय का, ते बघतच नाही. इथंही तेच चाललंय. ब्रेक राहू दे बाजूला, आधी चाक बघा.

सायकल सीटवर-हँडलवर उलटी उभी करून चाक बसवायची आपल्याकडं सगळ्यांना सवय. त्यात अॅक्सल (चाकाचा आस) चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, एका खाचेत पूर्ण टेकतो, दुसऱ्या खाचेत किंचित अधांतरी राहतो. खाली केसभर असलेला हा फरक वर ब्रेकपर्यंत जाईतो चांगला दिसण्याइतका वाढतो. सायकल सरळ जमिनीवर उभी करा, क्विक रिलीज (चाक आवळणारा लिव्हरचा खटका) सैल सोडा, हँडलवर भार द्या, अॅक्सल दोन्हीकडं टेकू द्या आणि मग लिव्हर बंद करा. बंद करताना तळहातावर वळ उठला पाहिजे, इतकी घट्ट.

तरी घासतंय? मग चाक काढून उलटं घाला, म्हणजे चाकाची डावी बाजू उजवीकडं. आता घासणं उजवीकडं गेलं, तर दोष चाकाचा. रिम हबच्या मध्यावर नाही. घासणं डावीकडंच राहिलं, तर ब्रेकचा किंवा चिमट्याचा. दोन मिनिटांचं काम आहे हो, पण दुकानात हे कुणी करताना क्वचितच दिसतं. बघून झालं की चाक परत सुलटं लावा, कारण काही टायरच्या नक्षीला दिशा असते.

मग आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, बघायचा. चिमट्याला प्लॅस्टिकचा केबल टाय बांधा, त्याचं टोक रिमला जेमतेम लागेल-न लागेल असं कापा आणि चाक हळू फिरवा. प्रत्येक फेरीला एकाच जागी ‘टिक’ वाजलं, तर तिथं रिम त्या अंगाला आलाय. तिथले पलीकडच्या बाजूचे स्पोक पाव आटा आवळायचे, अलीकडचे पाव आटा सैल करायचे. पाव म्हणजे पावच. हात बसलेला नसेल तर एवढं काम मिस्त्रीकडून करून घ्या. आऊट काढण्यात आपल्या बेळगावच्या जुन्या मिस्त्रींचा हात कुणी धरणार नाही, मघाचा हातोडीवालासुद्धा त्यात वाकबगार असेल.

चाक निर्दोष निघालं तर आता ब्रेककडं या. चिमट्याच्या मागच्या बाजूनं, आत खोल, कॅलिपर धरून ठेवणारा नट असतो. पाच नंबरची अॅलन की लागते. ‘दोनदा ब्रेक मारला की पुन्हा डावीकडं’ हे तुमचं वाक्य वाचून माझा पहिला संशय ह्या नटावर आहे. तो सैल असला की लिव्हरच्या प्रत्येक दाबाला अख्खा कॅलिपर फिरतो. नट थोडा ढिला करा, लिव्हर करकचून दाबून दोन्ही रबरं रिमवर धरा आणि तशीच धरून नट आवळा. शिमानोच्या कॅलिपरला ८ ते १० न्यूटन मीटर टॉर्क सांगितलाय. लोखंडी चिमटा असेल तर अंदाजानं भागेल, कार्बनचा असेल तर टॉर्क रेंच मागून आणा, पण अंदाज नको.

राहिलेला केसभर फरक त्या बारीक स्क्रूनं काढायचा. पाव आटा फिरवा, लिव्हर दोन-तीनदा दाबून सोडा, बघा. उलट गेला तर उलट फिरवा. कॅलिपरमध्ये वायर शिरते तिथला गोल अॅडजस्टर ह्या कामाचा नव्हे. तो दोन्ही रबरं एकदमच जवळ आणतो नाहीतर लांब नेतो. लोक घासणं घालवायला तोच सैल करत बसतात आणि मग लिव्हर हँडलला टेकते.

तुमची सायकल जुनी घेतलेली, म्हणून आणखी एक. हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवा आणि नजर कॅलिपरवर ठेवा. तो जागचा हलला तर वायरची आऊटर, म्हणजे वायरवरचं आवरण, आखूड आहे आणि तीच ब्रेकला खेचतेय. नवी आऊटर घाला. कापलेलं टोक कानशीनं सपाट करायला विसरू नका.

सगळं झालं की रबरांची उंची बघा. रबर पूर्ण रिमच्या धातूवर बसलं पाहिजे, वरची कड टायरपासून मिलिमीटरभर तरी खाली. टायरला लागणारं रबर टायरची भिंत कापत राहतं, आणि ते तुम्हाला चोर्ला घाटाच्या उतारावर कळायला नको.

प्रश्न : पावसात जांबोटी-कणकुंबी करून आलो. तेव्हापासून ब्रेक दाबला की खरखर होते आणि शेवटी कर्कश किंचाळतो. रस्त्यावरची माणसं वळून बघतात.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : खरखर आणि किंचाळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

खरखर त्या रस्त्याच्या तांबड्या मातीची. चाक काढा, रबरं उजेडात धरा. काळ्या रबरात तांबडे कण दिसतील आणि त्यांच्यामध्ये चांदीसारख्या चकचकीत ठिकऱ्या. ते तुमच्याच रिमचं अॅल्युमिनियम आहे. कण रिम खरवडतात, निघालेला धातू रबरात रुततो आणि तो आणखी रिम खातो. सुईनं एकेक उकरून काढा, रबराचं तोंड सँडपेपरवर हलकं घासा, रिम स्पिरिटनं पुसा. रिमच्या कडेला बारीक खाच किंवा ठिपके असतील तर तेही बघून ठेवा. ते दिसेनासे झाले की रिम संपला. तेल फक्त कॅलिपरच्या पिव्हटला, थेंबभर, आणि ओघळ लगेच पुसायचा.

किंचाळणं बंद करायला रबराचं पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे. रबराचा बोल्ट ढिला करा, रबराच्या मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट आवळा, कार्ड काढा. साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुरतो. ‘पुढचं’ म्हणजे सायकल जाते त्या दिशेचं. मागच्या ब्रेकलाही तीच दिशा, तिथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

प्रश्न : माझ्या सायकलला वायरचा डिस्क ब्रेक आहे. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून आवळा, असं सगळे सांगतात. केलं, तरी डिस्क घासते.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वायरच्या बऱ्याच डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतं, चाकाच्या बाजूचं स्थिर असतं. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा हलणारं पॅड डिस्कला वाकवून स्थिर पॅडवर नेतं, आणि तुम्ही त्या वाकलेल्या जागीच कॅलिपर आवळता. आधी आतल्या बाजूच्या गोल खुंटीनं किंवा अॅलन कीनं स्थिर पॅड डिस्कला जेमतेम न लागेल इतकं जवळ आणा. कॅलिपरच्या मागं पांढरा कागद धरा, म्हणजे फट नीट दिसेल. मग डोळ्यानं बघत कॅलिपर सरळ करा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे-थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम आवळलात तर तो कॅलिपरला घेऊन फिरतो. डिस्कला बोटं लावू नका, आणि काम संपेपर्यंत चेनच्या तेलाची बाटली दुसऱ्या खोलीत राहू दे.