कॉलेजात तीन-तीन खेळ खेळलो, आता फुटबॉल सुटणार. पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की शेवटचं वर्ष संपलं की संघ सुटेल, लॉ सीईटीचा फॉर्म भरलाय पण पुस्तक उघडवत नाही. मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या रटगर्स विद्यापीठात पॉल रोबसन या काळ्या अमेरिकन गायक-अभिनेत्याच्या नावाचा चौक आहे, काळ्या ग्रॅनाइटवर त्यांचं आयुष्य कोरलेलं. तिथून जाताना माझे पाय थांबतातच, म्हणून त्यांचंच सांगतो.

वडील गुलामीतून पळून आलेले, पुढे पाद्री झालेले. मुलगा १९१५ साली शिष्यवृत्तीवर इथे आला. फुटबॉलच्या (अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा तो) पहिल्याच सरावात आपल्याच संघातल्या गोऱ्या पोरांनी त्याचं नाक फोडलं, खांदा निखळवला. दहा दिवस अंथरुणात. परत उतरला तर एकाने खिळ्यांचा बूट हातावर दाबला, बोटांची नखं निघाली. त्यानंतर चेंडू घेऊन आलेल्याला रोबसनने सरळ डोक्यावर उचललं, आणि प्रशिक्षक ओरडले, तू संघात! बास्केटबॉल, बेसबॉल, अ‍ॅथलेटिक्सही खेळला. १९१७ आणि १९१८ला ऑल-अमेरिकन, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवड. १९१९च्या पदवीदान समारंभात भाषणही त्याचंच.

मग कोलंबिया विद्यापीठात कायद्याचं शिक्षण, आणि ते चालू असतानाच पैसे घेऊन फुटबॉल, आधी अ‍ॅक्रन, मग मिलवॉकी या शहरांच्या संघांकडून. मला हे फार मोलाचं वाटतं. खेळ सुटायची वाट न बघता पुढची तयारी खेळता खेळताच चालली होती.

तरी वकिली टिकली नाही. १९२३ला पदवी मिळाली, पण ऑफिसातल्या गोऱ्या स्टेनोने काळ्या माणसाचं डिक्टेशन घ्यायला नकार दिला. रोबसननी ती वाटच सोडली. उरला वडिलांच्या चर्चमध्ये घडलेला आवाज. त्या आवाजावर १९४३ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, शेक्सपिअरचा ऑथेल्लो उभा राहिला, २९६ प्रयोग. १९५०मध्ये सरकारने राजकीय मतांपायी पासपोर्ट काढून घेतला, तो आठ वर्षांनी मिळाला. १९५८ला त्यांची साठी भारतात साजरी झाली, त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला!

तेव्हा सीईटीचं पुस्तक आजच उघडा, आणि रविवारचा खेळ अजिबात बंद करू नका. खेळाशिवाय आणखी काय येतं तुम्हाला? प्रश्नात ते लिहिलेलं नाही. कळवा, त्यावर सविस्तर लिहीन.