हेरवाडसारखा विधवा प्रथाबंदीचा ठराव आमच्या गावात करता येईल का?

हो, येतो, विषय ग्रामसभेपुढे मांडून मंजूर करून घ्या. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये हेच केलं: नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून जो अर्ज द्याल, त्याला ते परिपत्रक जोडा. मात्र ठराव म्हणजे कायदा नव्हे, मोडणाऱ्याला त्यातून शिक्षा होत नाही. खरी अडचण अंत्यविधीच्या वेळी येते, कारण बांगड्या फोडायला पुढं येतात त्या बहुधा नात्यातल्याच थोरल्या बायका. त्यांना ग्रामसभेआधीच भेटा. (‘आपल्यात चालत नाही’ म्हणणाऱ्यांना सांगायला बरं: शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७ सालीच केला होता.)