ग्रामीण तालुक्यातल्या लोकांचं आरोग्य आणि राहणीमान कसं तपासायचं? किती घरं घ्यायची, काय विचारायचं, आकडे कुठनं मिळतील? (एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सचा प्रोजेक्ट, कोल्हापूर जिल्हा)

आकडे मिळतील हो, आकड्यांची कधीच टंचाई नसते. टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) ऑफिसला जावा, पंचायत समितीत जावा, पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बसून चहा घेतलात तर सगळी रजिस्टरं पुढ्यात येतील. मी एएनएम होते, म्हणजे उपकेंद्राची नर्स, आता रिटायर आहे, कासारी काठच्या एका उपकेंद्रात माझी निम्मी नोकरी गेली, त्यातले कितीतरी आकडे आम्हीच भरलेले. म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

तुम्ही 'किती घरं घेऊ' असं विचारलंय. त्याच्या आधीचा प्रश्न तुमच्या सरांनी तुम्हाला विचारला का बघा, की गावात कुणाकुणाला धरणार? कारण आमच्याकडं सगळं भांडण त्याच्यावरच झालेलं आहे, ऑफिसात पण आणि घरात पण.

दिवाळी झाली की आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या जास्त. नदीकडंच्या रानात कोप्या पडतात, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या, आत वाकून जावं लागतं. चार-पाच महिने ही माणसं इथंच जेवतात, इथंच आजारी पडतात, बायका इथंच बाळंत होतात. पण कुटुंब सर्वेक्षणाच्या रजिस्टरला यांचं घरच नाही कारण त्याला घर नंबर नाही. एका वर्षी टोळी आमच्याच रानात होती, म्हणजे धाकटे भावजी बघतात त्या पट्टीत. मी जानेवारीत लसीकरणाच्या सेशनला आशाताईला घेऊन तिकडं गेले, बरोबर स्प्रिंगचा काटा आणि दंडाची टेप घेतली. म्हटलं आलोच आहोत तर पोरांची वजनं पण करू.

आयाबापं फडात. कोप्यांवर एक म्हातारी, आणि नऊ-दहा वर्षाची एक पोरगी दीड वर्षाच्या बहिणीला कडेवर घेऊन चुलीजवळ उभी. शाळेत का गेली नाहीस म्हणून विचारायची सोयच नव्हती, ती गेली तर धाकटीला कोण बघणार. धाकटीला झोळीत घातलं तर काटा जेमतेम हलला. दंडाला टेप लावली, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड गेला म्हणजे तीव्र कुपोषण, हे तुम्हाला शिकवलं असेलच. पायावर अंगठा दाबून बघितला, सूज नव्हती. आणखी एका पोराची टेप पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषण. लसीकरणाचं कार्ड मागितलं तर म्हातारी म्हणाली कार्ड गावाकडं पेटीत ऱ्हायलं.

संध्याकाळी आईला गाठलं. दवाखान्यात दाखल करायचं म्हटल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, किती दिवस? चौदा दिवस म्हटल्यावर ती नुसती हसली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोघांनी मिळून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, बायको बसून राहिली की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे मुकादम, म्हणजे टोळी आणणारा, कापतो. मग मी तिला पोषण आहाराचं लेक्चर देऊन काय उपयोग होता? आमचे त्यावेळचे एमओ (पीएचसीचे डॉक्टर) चांगले होते, ते स्वतः गाडी घेऊन कोप्यावर आले, मुकादमाला बाजूला घेऊन काय बोलले ते मला आजतागायत माहीत नाही, पण पोरगी दाखल झाली, म्हातारी तिच्याजवळ राहिली आणि वजन वाढलं. इथपर्यंत सगळं चांगलं झालं.

पुढं मासिक मीटिंग. मी दोन्ही पोरं माझ्या उपकेंद्राच्या रिपोर्टला दाखवलेली. आजूबाजूच्या सगळ्या उपकेंद्रांचा रकाना शून्य आणि माझा एकटीचा लाल. साहेब म्हणाले, सिस्टर तुमच्याकडंच कशी काय अशी पोरं निघतात, आपला जिल्हा असला नाही. मी सांगितलं टोळीतली आहेत. तर साहेब म्हणाले, मग 'स्थलांतरित' शेरा मारा आणि बेरजेतनं काढा, त्यांची नावं त्यांच्या जिल्ह्यात लागलेली असतात. मी म्हटलं तसं लेखी द्या. लेखी काय कुणी देत नाही. मी काढली नाहीत. मग महिनाभरात मला टूर डायरी उशिरा दिल्याबद्दल खुलासा मागितला गेला. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना कळेल.

ऑफिसचं एक वेळ सोडा. घरी भावजी पण तेच बोलायला लागले. "वैनी, ती चार म्हैन्याची पावणी हायत, त्यांचं तुमी कशाला डोक्यावर घेताय?" त्यावर तेव्हा मला बोलायला सुचलं नव्हतं, नंतर सुचलं ते इथं लिहिते.

एक म्हणजे पोलिओ. पल्स पोलिओच्या रविवारी आपण टोळ्या, वीटभट्ट्या, एसटी स्टँड, काही सोडत नाही. फिरतं पथकच असतं त्याला. तिथं कोण विचारतं का हे पोरगं कुठल्या जिल्ह्याचं? नाही, कारण एक सुटलं तर सगळ्यांना धोका. म्हणजे आपल्याला धोका असला की ते पोर आपलं, नसला की बीडचं.

दुसरं जनगणना. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी, ऐन गळीत हंगामात. नियम काय होता, तर जो माणूस त्या पूर्ण काळात गावाबाहेर आहे त्याला गावात धरायचं नाही, जिथं सापडेल तिथं धरायचं. म्हणजे दिल्लीच्या कागदावर ही माणसं त्या वर्षी इथलीच धरायची होती, आणि आमच्या रजिस्टरला मात्र पाहुणी. जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार म्हणून सांगताना ती चालतात. ऊस तोडून झाला की बिल आमच्या खात्यावर जमा होतं, आणि पोरगं कमी वजनाचं निघालं की ते बीडच्या खात्यावर. हे भावजींना मी नंतर बोलले पण, तर ते उठून गोठ्यात गेले.

तर तुमच्या सर्व्हेत त्या रात्री गावच्या शिवेच्या आत जो जो झोपलाय तो धरायचा. टोळी, वीटभट्टी, बांधकामावरचे, देवळामागं उतरलेले मेंढपाळ, सगळे. त्यांचा वेगळा रकाना करा वाटल्यास, पण बेरजेतनं काढू नका. तसंच पश्चिमेकडच्या तालुक्यात, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी घेतला असाल तर धनगरवाडे, म्हणजे डोंगरातल्या धनगरांच्या वस्त्या, पण धरा. गावठाणात ग्रामपंचायतीसमोर गाडी लावून पन्नास घरं केली की सर्व्हे झाला असं समजणारी कॉलेजं मी बघितली आहेत. वाड्यावर चालत जावं लागतं म्हणून वाडा सुटतो, आणि चालत जावं लागतं म्हणूनच तिथली बाई वेळेत दवाखान्यात पोचत नाही. उपकेंद्राचं प्रमाण सपाटीला ५००० लोकसंख्येमागं एक आणि डोंगराळ भागात ३००० मागं एक आहे ते ह्याच कारणानं, तरी डोंगरातले ३००० किती वाड्यांवर विखुरलेत ते कागदावर दिसत नाही.

आता प्रश्नांबद्दल. "पाणी कुठलं पिता?" असं विचारू नका. दारात नळ आहे म्हणजे उत्तर 'नळाचं' येणार. "आज सकाळी पिण्याचं पाणी कुठनं आणलं आणि कुणी आणलं?" हे विचारा, आणि ते त्या बाईला विचारा, सोप्यात बसलेल्या मालकाला नको. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा कितीतरी घरात झऱ्याचं पाणी पितात, ते मालकाला माहीत पण नसतं. ग्रामपंचायतीत विचारा की पाण्याच्या उद्भवाला (जिथनं गावाला पाणी येतं त्या जागेला) कुठलं कार्ड मिळालंय, हिरवं, पिवळं का लाल; लाल म्हणजे धोका जास्त. वर्षातनं दोनदा तपासणी होते त्याची. आणि क्लोरिनची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन असलं की पिवळा रंग येतो ती) टाकीजवळच्या घरात करू नका, तिथं पिवळा रंग येणारच. गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरात करा, पाईप तिथपर्यंत जाताना काय काय होतं ते तिथं कळतं. तिथं ०.२ पीपीएम क्लोरिन, म्हणजे पुरेसं, सापडलं तर पाणीवाल्याला माझ्यातर्फे चहा पाजा.

"घरात कुणी आजारी आहे का?" हा आणखी एक फुकटचा प्रश्न. सगळे नाही म्हणतात. गोळ्यांची पिशवी दाखवा म्हणा. खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते, त्यात बीपीची गोळी, शुगरची गोळी, कुणाच्या तरी गुडघ्याची गोळी, सगळं एकत्र. म्हातारी म्हणते, "आजार कुठला, बीपी हाय नुसतं." रोज घेता का विचारलं की गरगरलं की घेते. ही एक पिशवी तुमच्या वीस प्रश्नांच्या फॉर्मपेक्षा जास्त सांगते. चुलीचं पण तसंच. सिलिंडर आहे का नको, आज अंघोळीचं पाणी कशावर तापलं ते विचारा, आणि चूल घरात आहे का बाहेर ते डोळ्यानं बघा.

मुलींच्या जन्माचा विषय मात्र घरात काढू नका, खरं कोणी सांगत नाही आणि पुढच्या घराचं दार बंद होतं. त्याला जन्म नोंदीच पुरेशा आहेत, काही वर्षांच्या मुलगे-मुली मोजा. २००१ ला आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १००० मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, राज्याचा आकडा ९१३ असताना. ऊस, दूध, साखर कारखाने, दारात बुलेट, सगळं असून. साहेब म्हणाले होते ना आपला जिल्हा असला नाही, असाच आहे.

वेळ कधीची धरणार तेही महत्त्वाचं. एप्रिलमध्ये परीक्षेच्या आधी घाईघाईत केलात तर गाव सगळ्यात बरं दिसणार. जमलं तर दोनदा या, एकदा जानेवारीत आणि एकदा भर पावसात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे पेपरात येतं, पण त्याच्या कितीतरी आधी वरच्या भागातले छोटे बंधारे पाण्याखाली गेलेले असतात आणि रस्ता बंद. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या बायकांना आम्ही आधीच पाहुण्यांकडं नाहीतर दवाखान्याजवळ हलवायचो. म्हणून 'बाळंतपण दवाखान्यात झालं का' एवढंच विचारू नका, कुठल्या महिन्यात झालं आणि तिथपर्यंत कशानं गेली ते विचारा.

किती घरं हे राहिलंच. ते तुमच्या स्टॅटच्या सरांना विचारा. लसीकरणाच्या सर्व्हेला जुनी पद्धत ३० ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी ७ पोरं अशी होती, पण तुमच्याकडं तेवढी माणसं नसणार. माझं म्हणाल तर घरं कमी घ्या पण दार बंद असलेल्या घरी परत जावा. दार बंद असतं त्यांचंच खरं काम अडलेलं असतं, ती सगळी कामावर गेलेली असतात, आणि तुम्ही ते घर सोडून शेजारचं घेतलं की सर्व्हेत नुसती घरी बसणारी माणसं येतात.

हे सगळं माझ्या नोकरीच्या काळातलं आहे, आता रजिस्टरं जाऊन टॅब आलेत, पोर्टल आलंय, काही गोष्टी सुधारल्या असतील. सगळे साहेब तसे नसतात, वर एमओंचं लिहिलंच आहे. आणि भावजींबद्दल वाचून कुणाचा गैरसमज नको, दरवर्षी टोळीला मोटरीचं पाणी फुकट देतात, संक्रांतीला तिळगूळ-भाकरी पण देतात. फक्त मोजायचं म्हटलं की त्यांना चालत नाही. का चालत नाही ते मी अजून विचारतेय, गेल्या रविवारीच जेवताना परत निघालं होतं.

फोटो काढू नका, निदान कोप्यांवर तरी नको. कॉलेजचं पत्र टीएचओंना आणि सरपंचांना आधी द्या नाहीतर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कंपनीचे एजंट समजतील. टोळीत जायचं तर अंधार पडल्यावर जावा आणि मुकादमाला नुसता नमस्कार करा, त्याच्यासमोर फॉर्म भरू नका, बाया बोलणार नाहीत. दंडाची टेप अंगणवाडीताईंकडं असते, वहीत सही करून देतील, पण त्याच दिवशी परत करा, त्यांच्याकडं एकच असते.