७० जणांचा मुक्काम धरणाकाठी: जागा कुठली घ्यावी?

भावकीतली ७० माणसं, त्यात आजी-आजोबा आणि लहान पोरं, डिसेंबरात तंबूत एक मुक्काम. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठची बामणोली बरी की तापोळा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर एवढ्या माणसांसाठी दोन्ही नकोत. वेण्णेवरचं कण्हेर किंवा कृष्णेवरचं धोम बघा.

शिवसागर देखणा आहे, त्यात वादच नाही. पण कासवरून बामणोलीला उतरणारा रस्ता घाटाचा आणि अरुंद. रात्री आजोबांना दम लागला तर साताऱ्याचा दवाखाना गाठेपर्यंत जिवाला घोर. शिवाय पैलतीर कोयना अभयारण्याचा, व्याघ्र प्रकल्पातला. तिथं ७० माणसांचा गलका नको. वीसेक जण असते आणि सकाळी वनखात्याची परवानगी काढून होडीनं वासोटा किल्ल्याला जाणार असते, तर मीच तुम्हाला बामणोलीला धाडलं असतं. कण्हेरहून सातारा जवळ, धोमहून वाई जवळ, आणि अशा मेळाव्याला तेच महत्त्वाचं.

जागा फोटोवरून ठरवू नका, नोव्हेंबरअखेर स्वतः जाऊन या. काठावर वाळक्या काड्या, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे यांची एक ओळ पडलेली दिसेल. धरण भरलं तेव्हा पाणी तिथवर होतं. त्या ओळीच्या खालची जमीन गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरतात ती. वरून वाळलेली दिसते, पण टाच दाबली की आत ओल लागते. तिथं तंबूची खुंटी धरत नाही, गाडी रुतते, आणि बऱ्याचदा कुणीतरी तिथं हरभरा पेरलेला असतो. तंबू ओळीच्या वर, मुरमाड माळावर, जमीनमालकाला विचारूनच लावा. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात मात्र अजिबात नको. विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं.

कॅम्पवाले तंबू दाखवतील, तुम्ही संडास मोजा. किमान ६ हवेत, त्यातले ४ बायकांसाठी. आतून कडी, दिवा आणि भरलेली टाकी. शोषखड्डा पाण्यापासून लांब आहे ना, हेही बघा.

पोरांबद्दल कळकळीनं सांगतो. धरणाचा काठ उथळ वाटतो, पण पाण्याखाली जुन्या शेतांच्या ताली आहेत, विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यातून टाकलेलं पुढचं पाऊल पुरुषभर खोलात जाऊ शकतं. पोहायला बंदीच ठेवा. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसायचं नाही. दिवेलागणीनंतर पाण्याकडे कुणीच जायचं नाही. काठावर दोन-दोन जाणत्या माणसांच्या पाळ्या लावा; 'सगळे लक्ष ठेवू' म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं.

स्वयंपाक गावातल्या बचत गटाला सांगा. अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. आपल्याकडच्या माणसाला आणखी काय लागतं? माणशी दोन भाकरी धरल्या तरी १४० होतात, म्हणजे एका चुलीचं ते काम नाही. पिण्याचं पाणी माणशी ४ लिटर धरा: २० लिटरचे १४ जार, वर दोन जास्तीचे.

पाण्याकाठी दव भरपूर पडतं. कापडाला टेकलेलं अंथरूण पहाटे ओलं होतं, म्हणून तिघांच्या तंबूत दोघंच झोपा. आजी-आजोबांना खोलीच घ्या. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत नेऊ देऊ नका. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकोटी पेटवण्याआधी भोवतालचं वाळलं गवत काढा आणि पाण्याची बादली शेजारी ठेवा. स्पीकर रात्री १० ला बंद, तसा नियमच आहे, आणि पाण्यावरून आवाज पार पलीकडच्या वस्तीपर्यंत जातो.

राहिली गाडी. मोठी बस काठापर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर वळेलच असं नाही, म्हणून ट्रॅव्हलर ठरवा. आणि जागेचा ॲडव्हान्स देण्याआधी ड्रायव्हरला तो शेवटचा रस्ता दाखवून आणा.