मॅनेजर गेल्यावर पहिले पंधरा दिवस

खालच्या विभागांत झगडणाऱ्या फुटबॉल क्लबांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : संघ हरतोय, मॅनेजर गेला किंवा काढला, आता नवा माणूस शोधायचा कसा?

प्रश्न : इंग्लंडमधला फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा छोटा क्लब २०२२मध्ये लीग टू (इंग्लंडचा चौथा विभाग) जिंकून वर लीग वनमध्ये गेला आणि २०२४मध्ये नॅशनल लीगपर्यंत (पाचवा विभाग) खाली आला. मधल्या काळात मॅनेजर सारखे बदलत होते. चूक नेमकी कुठे झाली? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी घटनांचा क्रम पाहू. ग्लॉस्टरशरमधल्या नेल्सवर्थ या लहानशा गावाचा हा क्लब. रॉब एडवर्ड्सनं २०२१-२२मध्ये लीग टूचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मे २०२२मध्ये तो वॉटफर्डला गेला. त्याच उन्हाळ्यात एबू अ‍ॅडम्स कार्डिफला, केन विल्सन ब्रिस्टल सिटीला आणि निकी कॅडन बार्न्सलीला गेला. म्हणजे वरच्या विभागात पाऊल टाकताना मॅनेजर आणि संघाचा कणा एकाच वेळी हातातून गेले. थोड्याच महिन्यांत फुटबॉल संचालक रिच ह्यूजही पोर्ट्समथला गेला. आमच्या मते सगळ्यात महागात पडली ती ही शेवटची गोष्ट. मॅनेजर जातातच; मॅनेजर निवडणारा माणूस जातो तेव्हा कुठला माणूस का हवा होता, याची क्लबची आठवणच जाते.

पुढचं वर्ष बघा. एडवर्ड्सनंतर आलेल्या इयन बर्चनलला जानेवारी २०२३मध्ये काढलं आणि डंकन फर्ग्युसनला आणलं. त्याच्या हाताखाली लीगचे १८ सामने झाले, त्यात एकच विजय, तोही शेफील्ड वेन्सडेसारख्या तगड्या संघावर. क्लब लीग वनमध्ये तळाला राहिला. जुलैमध्ये फर्ग्युसन गेला आणि अकादमी सांभाळणाऱ्या हॅना डिंगलीकडे हंगामी सूत्रं आली. इंग्लंडमधल्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाची सूत्रं हाती घेणारी ती पहिली स्त्री. मग साउदॅम्प्टनच्या युवा संघाकडून डेव्हिड हॉर्समन आला, त्याला डिसेंबरमध्ये काढलं. त्याच्या जागी आलेला ट्रॉय डीनी सहा सामन्यांत एकही विजय न मिळवता २९ दिवसांत गेला. जानेवारी २०२४च्या अखेरीस आलेला स्टीव्ह कॉटरिल अनुभवी होता, पण तोवर उशीर झाला होता. सटन युनायटेडबरोबर फॉरेस्ट ग्रीनही खाली गेला.

फर्ग्युसन, हॉर्समन आणि डीनी या तिघांचीही वरिष्ठ संघाचा कायमस्वरूपी मॅनेजर म्हणून ही पहिलीच नेमणूक होती. पहिलटकर मॅनेजर घेणं यात गैर काही नाही. मात्र त्याच्या आजूबाजूला घडी बसलेली लागते : जुना सहायक, खेळाडू निवडणारा जाणकार, मागच्या वर्षीचा शाबूत संघ. घसरत्या क्लबकडे यातलं काहीच नसतं. शिवाय दर नव्या माणसाला आधीच्यानं घेतलेले खेळाडू वारशानं मिळतात. छोटे पास देत पुढे सरकण्यासाठी घेतलेल्या बचावपटूंकडून पुढच्या महिन्यात लांब चेंडू मारून घ्यायचे, असा हिशेब मध्यावर बदलला की पैसा दोनदा जातो आणि संघ अर्धाच तयार होतो.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. नॉन-लीगमधल्या (लीग टूच्या खालच्या विभागांतल्या) आमच्या गावच्या क्लबच्या समितीवर मी स्वयंसेवक आहे. २० सामन्यांत १४ गुण, तळापासून दुसरे. मॅनेजरनं राजीनामा दिला. पैसा बेताचा. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, लेस्टरजवळून

उत्तर : जाहिरात नंतर. पहिले ४८ तास खेळाडूंसाठी द्या. तुमच्या पातळीवर बरेचसे खेळाडू करारावर नसतात. दुसऱ्या क्लबनं सात दिवसांची नोटीस दिली की त्यांच्याशी बोलणी करता येतात. गेलेला मॅनेजर महिन्याभरात शेजारच्या क्लबात लागला की आधी तुमचा गोलरक्षक आणि दोन मधले बचावपटू यांच्यासाठी नोटिसा येतात. म्हणून अध्यक्षांनी कर्णधाराला स्वतः भेटावं, प्रत्येक खेळाडूला फोन करावा आणि ज्यांच्यावाचून संघ उभा राहणार नाही अशा चार-पाच जणांना हंगामाअखेरपर्यंतचा करार देता येतो का ते पाहावं. मंगळवार-गुरुवारचा सराव एकदाही चुकू देऊ नका. हंगामी सूत्रं सहायकाकडे द्यायची असतील तर त्याला त्याच दिवशी स्पष्ट विचारा : कायमच्या जागेसाठी तू इच्छुक आहेस का? हे न विचारता तीन आठवडे काढले, तर तो इच्छुक असूनही दुखावतो आणि संघात दोन तट पडतात.

दुसरं काम, रोगाचं निदान. शेवटचे दहा सामने घ्या. चित्रफीत नसेल तर दोन माणसं बसवून वहीत मांडा. प्रत्येक गोल कसा खाल्ला ते लिहा : कॉर्नर किंवा फ्री किकवरून, बाजूनं आलेल्या क्रॉसवर, आपला चेंडू हरवून झालेल्या प्रतिहल्ल्यात, की गोलरक्षकाच्या चुकीनं. पेनल्टी बॉक्सच्या आतून आपण मारलेले आणि आपल्यावर झालेले फटके वेगळे मोजा. सत्तराव्या मिनिटानंतरचे गोल वेगळे. पहिल्या पसंतीच्या अकरापैकी किती खेळाडू त्या दिवशी उपलब्ध होते तेही लिहा. समजा २२ पैकी १० गोल कॉर्नर-फ्री किकवर खाल्ले असतील, तर तुम्हाला बचावाची मांडणी शिकवणारा माणूस हवाय. शेवटच्या वीस मिनिटांत ९ खाल्ले असतील तर तंदुरुस्ती किंवा बदली खेळाडूंची उणीव आहे. दर सामन्याला पाच जण जखमी असतील तर आधी फिजिओकडे बघा. हे न करता जो क्लब मुलाखती घेतो, तो चांगलं बोलणाऱ्याला निवडतो.

गुणांचा हिशेबही उमेदवारांपुढे मांडा. ४६ सामन्यांच्या विभागात साधारण ५० गुण सुरक्षित मानतात. तुमचा विभाग ४२ सामन्यांचा असेल तर ४५ धरा. १४ झालेत, म्हणजे २२ सामन्यांत ३१ हवेत, सामन्याला १.४. आतापर्यंतचा वेग ०.७. वेग दुप्पट करायचा आहे हे समितीला आधी कळलं पाहिजे. उमेदवार ‘सहज वाचवतो’ म्हणाला तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

तिसरं, पैसा. आठवड्याला १,५०० पौंड आहेत असं धरू. १८ खेळाडू सरासरी ६० पौंडांनी १,०८० होतात. मॅनेजर १५०, सहायक ८०, गोलरक्षक प्रशिक्षक ४०, फिजिओ ८०. झाले १,४३०. हातात उरले ७०. जाहिरातीतच हे चित्र द्या. ‘बजेट बघू’ म्हणून ज्याला आणता, तो सहाव्या आठवड्यात दोन स्ट्रायकर मागतो, नाही म्हटलं की निघून जातो, आणि तुमचा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आता शोध. निवड तिघांनीच करावी : अध्यक्ष, खजिनदार आणि फुटबॉल कळणारा बाहेरचा एक जण. सात जणांच्या समितीत नाव फुटतं, आणि दुसरीकडे नोकरीत असलेला उमेदवार त्यामुळे माघार घेतो. अर्जासाठी सात दिवस पुरे. अर्ज भरपूर येतील, त्यातले पुष्कळ तुमचा एकही सामना न पाहिलेल्यांचे. पहिली चाळणी तीन प्रश्नांवर करा. या पातळीवर, एवढ्याच पैशात काम केलंय का? मंगळवारी संध्याकाळी मैदानावर पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहतो का? निदानातला आपला दोष त्यानं पूर्वी कुठे सुधारला आहे का? जो दुसऱ्या क्लबशी करारात आहे त्याच्याशी परस्पर बोलू नका. आधी त्या क्लबला लेखी विचारा. एडवर्ड्सची बोलणी आपल्या पाठीमागे झाली, अशी जाहीर नाराजी फॉरेस्ट ग्रीननं तेव्हा व्यक्त केली होती. छोट्या क्लबांच्या वर्तुळात अशी कडवटपणाची आठवण फार दिवस राहते.

चार जणांना बोलवा. आधी तुमच्या दोन पूर्ण सामन्यांच्या चित्रफिती पाठवा. मुलाखतीत पंधरा मिनिटं त्यानं बोलायचं : काय दिसलं, पहिल्या आठवड्यातले दोन सराव कसे घेणार, शनिवारचे अकरा कोण. आहेत त्याच खेळाडूंतून अकरा निवडायला लावा. निम्मा संघ बदलायचा म्हणणारा माणूस हंगामाच्या मध्यावर तुमच्या कामाचा नाही. मुलाखतीतून निवडलेल्या दोघांना मैदानावर एकेक तासाचा सराव घेऊ द्या, सोळा खेळाडूंबरोबर. तिथे घड्याळ लावून बघा, खेळाडू किती वेळ हलतायत आणि किती वेळ रांगेत उभं राहून ऐकतायत. चौकशी करताना त्याच्या जुन्या अध्यक्षांबरोबरच किट सांभाळणाऱ्याला आणि फिजिओलाही फोन करा. पाच सामने हरल्यावर हा माणूस ड्रेसिंग रूममध्ये कसा वागतो, ते त्यांनी जवळून पाहिलेलं असतं.

करार हंगामाअखेरपर्यंत, विभागात टिकलो तर आपोआप एक वर्ष वाढ. मध्येच वेगळं व्हावं लागलं तर किती आठवड्यांचं मानधन द्यायचं, तो आकडा आत्ताच लिहा. सहायक कोण, खेळाडू घेण्या-सोडण्यावर शेवटची सही कुणाची, हेही लिहा. अठरा वर्षांखालची मुलं संघात असतील तर नेमणुकीआधी डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची) तपासणी पूर्ण झालेली हवी.

प्रश्न : नवा मॅनेजर आला की संघ लगेच जिंकायला लागतो असं म्हणतात. खरं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : निकाल बऱ्याचदा सुधारतात, श्रेय मात्र बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातं. मॅनेजरला काढतात ते नशीब सगळ्यात तळाला असताना : चेंडू खांबाला लागतोय, तीन जण जखमी, ओळीनं तगड्या संघांशी सामने. हे सगळं कधीतरी सरळ होणारच असतं. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचा अभ्यास केला. त्यात ज्या क्लबांनी तशाच घसरणीत मॅनेजर कायम ठेवला, तेही जवळजवळ तसेच सावरल्याचं दिसलं. म्हणून पहिल्या तीन निकालांवरून कुणालाही डोक्यावर घेऊ नये. बॉक्सच्या आतले फटके वाढले की कमी झाले, ते दहा सामने पाहावं.

टिकून राहण्याचं उदाहरण हवं असेल तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीकडे बघा. जॉन कोलमन तिथे १९९९ ते २०१२ आणि पुन्हा २०१४ ते २०२४ मॅनेजर होता. त्याच्या काळात क्लब २००६मध्ये नॉन-लीगमधून वर फुटबॉल लीगमध्ये परतला आणि २०१८मध्ये लीग टू जिंकली.

प्रश्न : आमच्या तालमीचा फुटबॉल संघ यंदा खालीच आहे. प्रशिक्षक पेठेतलाच जुना खेळाडू घ्यावा की बाहेरचा परवानाधारक? कार्यकर्त्यांत दोन मतं आहेत. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापुरात प्रशिक्षकावरचं दडपण वेगळ्या जातीचं आहे. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ येऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर संघ नव्यानं निवडला जातो. पेठेतला माणूस पोरांना घरापासून ओळखतो. पोर सरावाला का आलं नाही ते त्याला विचारावं लागत नाही. पण पुतण्याला किंवा जुन्या सोबत्याच्या पोराला बाहेर बसवणं त्यालाच सगळ्यात जड जातं. बाहेरच्याला ती अडचण नाही. त्याला माणसं ओळखायलाच महिना लागतो, आणि आपल्याकडचा हंगाम तेवढा लांब नसतो.

आमचा कल जोडीकडे आहे : मुख्य प्रशिक्षक बाहेरचा, निदान बी परवाना असलेला, आणि सहायक पेठेतला, ज्याचा शब्द पोरं मानतात. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनचे परवाने डी, सी, बी, ए आणि प्रो अशा चढत्या क्रमानं असतात. मूळ प्रमाणपत्र बघूनच पुढे बोला. बाहेरच्याच्या मानधनाबरोबर खोली, जेवण आणि गाडीखर्च धरा, हे तीन मिळून मानधनाइतके होऊ शकतात. तालमीच्या बैठकीत ठराव करून लिहा की अकरा जण प्रशिक्षक निवडेल आणि सामना चालू असताना बाकाजवळ इतर कुणी जाणार नाही. ठरावावर सगळ्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या सह्या घ्या. अध्यक्षांच्या तोंडी शब्दावर आलेला प्रशिक्षक पहिल्या डर्बीतच (कट्टर प्रतिस्पर्धी पेठेशी होणाऱ्या सामन्यात) एकटा पडतो. बाहेरून आणायचे खेळाडूही प्रशिक्षक ठरल्यानंतरच ठरवा. आपल्याकडे हे उलट होतं, आधी स्ट्रायकर येतो आणि मग त्याला चेंडू पुरवणारं मधल्या फळीत कुणीच नसतं.

प्रश्न : माझ्याकडे भारतातला प्रशिक्षक परवाना आहे. पुढच्या वर्षी शिकायला इंग्लंडला जातोय. तिथल्या छोट्या क्लबात मॅनेजरची जागा मिळेल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे. त्यामुळे मानधन तर दूरच, नुसता ‘प्रवासखर्च देतो’ म्हणाले तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी उत्तर घ्या. व्हिसा गेला तर शिक्षणही जातं. खेळासाठीच्या व्हिसाला एफएचं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचं, समर्थनपत्र लागतं. त्याच्या अटी वरच्या पातळीवरच्या अनुभवाभोवती रचलेल्या आहेत, म्हणून छोट्या क्लबमार्फत ही वाट जवळपास बंद आहे. एफएची शिडी प्राथमिक अभ्यासक्रमापासून यूएफा (युरोपची फुटबॉल संघटना) सी, बी, ए आणि प्रो अशी चढत जाते. तुमच्या परवान्याला त्यात कुठली पायरी मिळते, ते निघण्यापूर्वी एफएकडून ईमेलनं विचारून घ्या. मूळ प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाचे तास आणि सराव घेतल्याची नोंदवही सोबत न्या. पायरी ठरवताना हीच कागदपत्रं मागितली जाण्याची शक्यता जास्त.