फुगलेल्या शिरांवरची शस्त्रक्रिया: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पायावरची शीर बंद करून टाकली, तर रक्त वर जाणार कुठून?

ही भीती जवळजवळ प्रत्येक रुग्णाला वाटते. पायातलं सुमारे ९० टक्के अशुद्ध रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर चढतं. कातडीखालच्या शिरेतल्या झडपा निकामी झाल्या, की वर गेलेलं रक्त पुन्हा खाली येऊन घोट्याशी साचतं. अशी शीर बंद केल्यावर रक्त चांगल्या शिरांकडे वळतं. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी बघायलाच हवं. त्यासाठी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करतात, आणि उलटा प्रवाह तपासताना रुग्णाला उभं करतात. डॉप्लर न करताच कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर ती घेऊ नका.

प्रश्न: लेसर चांगलं की जुनी, शीर ओढून काढायची पद्धत?

बहुतेकांसाठी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी. बारीक नळी आत सरकवून शीर उष्णतेनं बंद करतात. शिरेभोवती भुलीचं औषध मिसळलेलं सलाईन सोडलेलं असतं. त्यामुळे दुखत नाही आणि शेजारची कातडी व मज्जातंतूही भाजत नाहीत. त्याच दिवशी चालता येतं, किंबहुना चालायलाच हवं. फार वेड्यावाकड्या शिरेत नळी सरकत नाही. तिथे २-३ मिलिमीटरच्या छेदांतून त्या शिरेचे तुकडे काढतात.

प्रश्न: आईच्या घोट्याजवळची जखम वर्षभर भरत नाही. ‘आधी जखम भरू दे, मग ऑपरेशन’ असं सांगितलंय. थांबावं का?

शिरेचा दोष डॉप्लरमध्ये दिसला असेल, तर थांबू नका. ब्रिटनमधल्या ‘एव्हरा’ या रुग्णांवरच्या चाचणीत (२०१८) घट्ट पट्टी बांधण्यासोबत शीर लवकर बंद केलेल्यांच्या जखमा निम्म्या रुग्णांत ५६ दिवसांत भरल्या. उपचार पुढे ढकललेल्यांत त्याला ८२ दिवस लागले. नुसतं ड्रेसिंग बदलत राहिल्यानं शिरेतला मूळ दाब तसाच राहतो. फक्त घट्ट पट्टी बांधण्यापूर्वी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्या. तो कमी असेल, तर घट्ट पट्टीच घातक ठरते.

प्रश्न: ऑपरेशननंतर शिरा पुन्हा फुगतात का?

फुगू शकतात, कोणत्याही पद्धतीनंतर. बंद केलेली शीर उघडते किंवा दुसरीच बिघडते. तेव्हा पुन्हा डॉप्लर.

प्रश्न: सहावा महिना चालू आहे. आत्ताच करून घेऊ?

नको. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात. तोवर डॉक्टरांनी सुचवलेले दाबाचे मोजे घाला. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.